फायरहाउसमध्ये नऊ जणांचा स्वयंपाक: मध्येच सोडून पळता येईल असं काय करू?

रात्रपाळी (बुधवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, कारण खरंच अडलंय.

मी मध्य न्यू जर्सीत राहतो. दिवसा सॉफ्टवेअरचं काम, आणि गेली दोन वर्षं गावच्या फायर कंपनीत स्वयंसेवक. (अमेरिकेतले साधारण दोन तृतीयांश फायरफायटर पगारी नसतात, स्वयंसेवकच असतात. मोठी शहरं सोडली की गावोगावी अशाच कंपन्या.) दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते सकाळी सहा आमच्या नऊ जणांची ड्युटी. बंब उभे असतात त्याला लागूनच स्वयंपाकघर आणि एक लांबलचक टेबल. रात्रीचं जेवण आमचं आम्हीच करतो. डोक्यामागे १० डॉलर काढायचे, एकाने रांधायचं, बाकीच्यांनी जेवायचं आणि नव्या माणसाने भांडी घासायची. दोन वर्षं भांडी मी घासली. काल कॅप्टन म्हणाले, पुढच्या मंगळवारी शेगडी तुझी.

मला याचा फार आनंद झालाय. स्वयंपाक मला येतो, दहा-बारा माणसांचा घरी केलेलाही आहे. पण घरी कढईवर फोडणी टाकून कोणी पळत नाही. इथे वर्दी (आगीची किंवा मदतीची खबर) आली की अंगावर गियर चढवून गाडी हलवायची. पगारी दलांसाठी त्याचं प्रमाण ८० सेकंद आहे, आम्हीही तेवढ्यात बसवायला बघतो. मग कांदा अर्धा परतलेला असो की भात अर्धा शिजलेला. परत कधी येऊ तेही सांगता येत नाही. वीस मिनिटांत येऊ, नाहीतर चार तासांनी.

तर असं काय करू, जे मध्येच थांबवता येईल आणि परत सुरू करता येईल? नऊ जणांपैकी एक शाकाहारी, दोघं डुकराचं खात नाहीत, आणि कॅप्टनना मागच्या वर्षी स्टेंट बसवलाय. तिखटाची सवय तिघांनाच.

चिंचगूळ

वा, काय धागा आहे! पावभाजी करा. डोळे झाकून पावभाजी. भाजी जितकी मुरेल तितकी चांगली.

स्पष्टवक्ता

मला तर कळत नाही, पिझ्झा का मागवत नाही? ड्युटीवर असताना आगीशी खेळायचंच कशाला? खोकी उघडी राहिली तरी थंड पिझ्झा खाता येतो.

टेक्सासकर

स्पष्टवक्ता, तुमचं बोलणं पटण्यासारखं वाटतं, पण तिथली गोष्ट तशी नसते हो. माझा नवरा ह्यूस्टनजवळच्या एका शहरात पूर्णवेळ फायरफायटर आहे. चोवीस तास ड्युटी, मग अठ्ठेचाळीस तास घरी. म्हणजे महिन्यातले दहा दिवस तो स्टेशनवरच जेवतो. हे जेवण शहर देत नाही, हे लोक स्वतःच्या खिशातून करतात. सकाळी कोण रांधणार ते ठरतं, मग सगळे बंब घेऊनच दुकानात जातात, कारण वर्दी आली तर तिथूनच निघायला हवं. बायका-पोरं थांबून हात हलवतात. कधीकधी निम्मी खरेदी झालेली असताना वर्दी येते, तेव्हा गाडा तसाच सोडून धावायचं. आमच्या दुकानातली काउंटरवरची बाई तो गाडा आतल्या थंड खोलीत ढकलून ठेवते, आणि हे लोक दोन तासांनी येऊन तोच गाडा घेऊन पैसे भरतात.

मी लग्नानंतर पहिल्यांदा स्टेशनवर गेले तेव्हा मला ते टेबल दाखवलं त्याने. म्हणाला, कठीण वर्दीहून आल्यावर आमचं सगळं बोलणं इथे होतं. कुणी समुपदेशकाकडे जायला तयार नसतो, पण बटाटे सोलता सोलता सांगून टाकतो. मागवलेल्या पिझ्झ्यात सोलायला काही नसतं.

रात्रपाळी, एक सांगते: कॅप्टनने शेगडी दिली म्हणजे तुम्हाला आपलं मानलं. मनापासून करा.

स्पष्टवक्ता

टेक्सासकर, हे माहीत नव्हतं. पिझ्झा मागे घेतो.

कढईवाला

सांगलीत माझा केटरिंगचा धंदा, बावीस वर्षं झाली. तुमच्या प्रश्नाकडे मी पदार्थ म्हणून बघत नाही, थांबे म्हणून बघतो. प्रत्येक स्वयंपाकात काही जागा अशा असतात जिथे गॅस बंद करून जाता येतं, आणि काही जागा अशा की तिथून हललात तर पदार्थ गेला.

थांबणारं काय? परतलेला कांदा-टोमॅटो थांबतो. शिजलेली उसळ थांबते. रस्सा थांबतो, उलट सुधारतो. न थांबणारं काय? तेलात तळणं. अर्धवट शिजलेला भात, तो आत कच्चा आणि बाहेर चिकट होऊन बसतो. दूध घातलेलं काहीही. पोळ्या-भाकऱ्या, कारण भिजवलेलं पीठ थांबतं पण तापलेला तवा थांबत नाही. म्हणून पुऱ्या, भजी, वडे यांचं नावही काढू नका. तेल तापत ठेवून पळायचं म्हणजे ज्या आगी विझवायला जाता तीच मागे लावून जायचं.

माझं मत खिमा-पाव. पावभाजीला नाही म्हणत नाही, पण पावभाजीला शेवटी बटर लागतंच, आणि तुमचे कॅप्टन स्टेंटवाले. खिमा त्यांच्या ओळखीचाही आहे. ते लोक पावात खिमा भरून खातात ना, टोमॅटोच्या गोडसर सॉसमधला?

टेक्सासकर

स्लॉपी जो! अगदी बरोबर. कढईवाला काका, तुम्ही सांगलीत बसून अमेरिकन स्टेशनचा मेनू ओळखलात. त्यांना सांगायचं, मुंबईचा स्लॉपी जो आहे. पहिल्या घासाला कोणी बिचकणार नाही. पावासाठी मार्टिन्सचे पोटॅटो रोल घ्या, आपल्या लादीपावाच्या सगळ्यात जवळचे तेच.

निवांत

कांदा कापताना डोळ्यांतून पाणी आलं तर तुमच्याकडे ऑक्सिजनचा मास्क आहेच. :)

रात्रपाळी

निवांत, त्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो, साधी दाबून भरलेली हवा असते. हा गैरसमज फार जणांचा असतो. आगीजवळ शुद्ध ऑक्सिजन नेणं धोक्याचंच. पण मास्क लावून कांदा कापणारा एक जण आमच्यात खरोखर आहे, आणि त्याला कोणी हसत नाही, कारण तो चाळीस कांदे कापून देतो.

कढईवाला काका, थांब्यांची कल्पना डोक्यात पक्की बसली. खिमा नक्की. टर्कीचा घेऊ का? इथे तो कमी चरबीचा सहज मिळतो.

नाडीपरीक्षा

टर्कीचाच घ्या. मी नाशिकला हृदयरोगतज्ज्ञ आहे, आणि कॅप्टनच्या स्टेंटचा उल्लेख वाचून थांबले.

हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अमेरिकेत ड्युटीवर मरण पावणाऱ्या फायरफायटरांपैकी साधारण ४५ टक्के ज्वाळांनी किंवा छत कोसळून जात नाहीत, हृदयविकाराने जातात. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांच्या कामाचा १ ते ५ टक्केच वेळ जातो, पण करोनरी हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्याच वेळात होतात. झोपेतून घंटेने उठणं, वीस-पंचवीस किलोचं ओझं, प्रचंड उष्णता, घामाने गेलेलं पाणी. आधीच अरुंद झालेली रक्तवाहिनी अशा वेळी दगा देते.

टेक्सासकर म्हणतात तसं महिन्याचे दहा दिवस स्टेशनवर जेवायचं असेल तर त्या शेगडीवरचं मीठ-लोणी ही बारीक गोष्ट राहत नाही. इंडियानापोलिसच्या फायर स्टेशनांमध्ये मेडिटेरेनियन आहाराचा (भाज्या, डाळी, मासे, ऑलिव्ह तेल) मोठा प्रयोग झाला, त्यातही स्टेशनचं स्वयंपाकघर धरूनच काम केलं होतं. तुम्ही तेल मोजून घाला, मीठ नेहमीपेक्षा एक चिमूट कमी, आणि मटार सढळ. लिंबू पिळलं की मिठाची उणीव कळत नाही.

चिंचगूळ

डॉक्टर, तुमचं बरोबर, पण एका मंगळवारी चमचाभर बटरने काय होणार? माणसं दमून येतात, त्यांना चवीचं मिळू दे की.

नाडीपरीक्षा

चिंचगूळ, एका मंगळवारी काहीच होत नाही. पण या मंगळवारी जो चव ठरवतो त्याच्याकडून पुढच्या मंगळवारी तीच मागतात. चवीचं करायलाच हवं, त्यात वाद नाही. आलं, लसूण, कोथिंबीर, धणे, लिंबू यांनी होईल तेवढं करा, मग बटरची आठवण येते का बघा.

भायखळ्याची_पोर

हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही. लिहितेच.

माझे बाबा मुंबई अग्निशमन दलात होते, लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. आम्ही भायखळ्याला मुख्यालयाच्या आवारात क्वार्टरमध्ये वाढलो. खाली बंब, वर आमची बिऱ्हाडं. त्यामुळे आमच्याकडे रात्रपाळी म्हणतात तसं सगळ्यांनी मिळून रांधणं कमी. डबे घरून यायचे, खालीच वर्तमानपत्र पसरून एकत्र उघडायचे, आणि कुणाच्या डब्यात कोणाचा हात आहे हे कुणी बघायचं नाही. कोकणातल्या काकांच्या डब्यात सुकटीची चटणी आली की बाबांच्या डब्यातली पिठलं-भाकरी तिकडे जायची. सणाला मात्र खाली मोठं पातेलं चढायचं. मटण नाहीतर साधी खिचडी, पण सगळ्यांची.

घंटा झाली की आई गॅस बंद करायची. गंमत बघा, वर्दी बाबांना, आणि गॅस बंद करायची आई, तीही तिसऱ्या मजल्यावर. इतकी ती सवय अंगात मुरली होती. आजही कुठे घंटा वाजली की माझा हात शेगडीकडे जातो.

आणि बाबांची एक पद्धत होती. जेवताना वर्दी आली तर ते ताट तसंच टाकून जायचे नाहीत. दुसरं ताट उचलून त्यावर पालथं घालायचे आणि मग धावायचे. दोन सेकंद लागायची त्याला. खालच्या सगळ्यांनाच ती सवय होती. आम्ही पोरं खिडकीतून खाली बघायचो, तर कागदावर झाकलेली ताटं ओळीने मांडलेली असायची आणि माणूस एकही नाही. परत आल्यावर ज्याचं त्याचं ताट ज्याच्या त्याच्या जागी. मी एकदा विचारलं, झाकता कशाला, गारच होणार ना? तर म्हणाले, "माणूस येणार आहे म्हणून झाकायचं."

१४ एप्रिलला मुंबई गोदीतल्या १९४४ च्या स्फोटाचा स्मृतिदिन असतो. फोर्ट स्टिकिन बोटीला लागलेली आग विझवताना दलाचे ६६ जण गेले. त्या सकाळी आमच्या घरी मानवंदना होऊन बाबा वर येईपर्यंत चहासुद्धा कोणी घ्यायचं नाही.

रात्रपाळी दादा, तुमच्या पदार्थाबद्दल मला काही सांगता येणार नाही, खिमा छानच होईल. ताटं मात्र जास्तीची ठेवा.

टेक्सासकर

ताई, वाचून डोळे भरले. हे मी आज रात्री नवऱ्याला इंग्रजीत सांगणार आहे.

पिंपळपान

+१. वाचनखूण साठवली.

बोटीवरचा

भायखळ्याची_पोर ताईंच्या आईची गॅस बंद करण्याची सवय वाचून आमची बोट आठवली. मी व्यापारी जहाजांवर सोळा वर्षं काढली. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. कुणी कुठे जायचं आणि काय करायचं याचा तक्ता भिंतीवर असतो, आणि त्यात स्वयंपाक्याच्या नावापुढेही काम लिहिलेलं असतं: गॅलीची, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघराची, वीज बंद करणं. म्हणजे ते कुणाच्या आठवणीवर सोडलेलं नाही.

तर माझा प्रश्न, रात्रपाळी: तुमच्याकडे शेगडी बंद करणं कुणाचं काम? रांधणाऱ्याचंच असेल तर तो घाईत विसरणार. एका माणसाचं नाव ठरवा.

टेक्सासकर

हे अतिशय महत्त्वाचं आहे. घरांना लागणाऱ्या आगींचं अमेरिकेतलं पहिलं कारण स्वयंपाक, आणि त्यातही शेगडी चालू ठेवून निघून जाणं. थँक्सगिव्हिंगचा दिवस तर वर्षातला सगळ्यात वाईट. फायर स्टेशनांतही हे घडलेलं आहे. आमच्या ओळखीतल्या एका स्टेशनवर तव्यावर मांस ठेवून सगळे वर्दीला गेले, आणि परत आले ते स्वतःच्याच स्वयंपाकघरातली आग विझवायला. माणसं वाचली, ओटा जळाला. तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी वर्दीची घंटा वाजताच गॅस आपोआप तुटेल अशी सोय केलेली असते.

रात्रपाळी

आमच्याकडे दाराजवळ एक लाल बटण आहे, दाबलं की शेगडीचा गॅस तुटतो. पण बोटीवरचा म्हणतात ते खरं, ते दाबायचं कुणी हे ठरलेलं नाही. आजच ग्रुपवर लिहितो.

इथाकाकर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मी वरच्या न्यूयॉर्क राज्यात शिकायला होतो. तिथल्या स्वयंसेवी फायर कंपन्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला लांब भट्ट्या पेटवून कोंबडी भाजून विकतात, त्या पैशांतून साहित्य घेतात. ती 'कॉर्नेल चिकन'. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट बेकर नावाच्या प्राध्यापकांनी १९५० साली ती कृती छापून वाटली होती. व्हिनेगर, तेल, अंडं, मीठ आणि कोंबडीचा कोरडा मसाला, बस. भाजताना सारखं तेच मिश्रण लावत राहायचं. आंबट, खरपूस, आणि धूर इतका की कंपनी कुठे आहे ते दोन मैलांवरून कळतं. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी मागतात, तिकडे आग विझवणारे कोंबडी भाजून वर्गणी जमवतात.

चिंचगूळ

व्हिनेगर आणि अंडं एकत्र? करून बघायला हवं.

दिंडीतला

दिंडीत तीनशे माणसांचा स्वयंपाक करतो आम्ही. आमचं उलट: जेवण ठरल्या वेळी तयार पाहिजे, कारण माणसं चालून येतात. तुमची माणसं निघून जातात. तरी एक गोष्ट सारखीच, चिरणं-निवडणं सगळं आधी. पहाटे ट्रक निघण्याआधी कांदा-मिरची-कोथिंबीर वेगवेगळ्या डब्यांत भरून तयार. चुलीवर फक्त शिजवायचं. माउली तुमच्या पातेल्याला बरकत देवो.

कढईवाला

दिंडीतला म्हणतात तेच. आता हिशेब घ्या, नऊ जणांचा, तिकडची भूक धरून.

टर्कीचा खिमा २ किलो. कांदे १ किलो, बारीक. टोमॅटो पाऊण किलो. आलं-लसूण वाटून अर्धी वाटी. मटार अर्धा किलो, गोठवलेले चालतील. पाव ३०. लिंबं ८, कोथिंबिरीच्या तीन जुड्या. हळद, धणेपूड, जिरेपूड, गरम मसाला. तिखट निम्मंच घाला, बाकीच्यांसाठी हिरव्या मिरचीचा ठेचा वेगळा ठेवा. शाकाहारी माणसासाठी तोच कांदा-टोमॅटोचा मसाला आधीच बाजूला काढून त्यात उकडलेली मसूर घाला, चव तीच लागते.

आता थांबे. पहिला थांबा: मसाला पूर्ण परतून तेल सुटलेलं. इथे गॅस बंद करून बिनधास्त जा. दुसरा थांबा: खिमा पूर्ण शिजलेला. मधली वीस-पंचवीस मिनिटं धोक्याची. म्हणून मांस पातेल्यात टाकायच्या आधी शीतकपाटातच राहू दे, ओट्यावर काढून ठेवू नका. मसाला होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. टाकलंत की रुंद भांड्यात मोठ्या आचेवर, उलथन्याने गोळे फोडत राहा. आधी पाणी सुटेल, राखाडी दिसेल, घाबरू नका. पाणी आटलं की आवाज बदलतो. खदखद थांबते आणि चरचर सुरू होते. तो आवाज आला की झालं समजा.

नाडीपरीक्षा

आवाजाच्या जोडीला थर्मामीटरही लावा. कोंबडी-टर्कीचा खिमा आतून ७४ अंश सेल्सियसला पोचायला हवा, तिकडच्या मापात १६५ फॅरनहाइट. आणि नेमकी त्या मधल्या वीस मिनिटांत वर्दी आली तर? अर्धं कच्चं मांस कोमट अवस्थेत पडून राहिलं तर ते टाकून द्यायचं. परत उकळलं म्हणजे सुरक्षित झालं असं नसतं, काही जंतूंचं विष उकळून जात नाही. शिजलेलंसुद्धा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर खाऊ नका. नऊच्या नऊ फायरफायटर पोट धरून बसले तर गावाचं काय?

स्पष्टवक्ता

मग मसुरीची आमटी जरा जास्तच करा. खिमा टाकावा लागला तरी नऊ जण मसूर-पावावर जेवतील.

कढईवाला

स्पष्टवक्ता, लाखातलं बोललात. दुप्पट मसूर करा.

टेक्सासकर

आणि मंगळवारी "आज शांत आहे" हे शब्द तोंडातून काढू नका! आमच्याकडे कुणी तसं म्हटलं तर सगळे त्याच्यावर ओरडतात. शिवाय आणखी एक रीत: आयुष्यात पहिल्यांदा काही केलं, पहिली आग, पेपरात पहिला फोटो, की त्या माणसाने सगळ्यांना आइस्क्रीम द्यायचं. पहिला स्वयंपाक त्यात धरतात की नाही ते तुमच्या कॅप्टनना विचारा, पण फ्रीजरमध्ये असू दे.

पिंपळपान (मंगळवार)

आज मंगळवार ना? वाट बघतेय.

भायखळ्याची_पोर

मी पण. बाबांना सांगितलंय. ते सकाळपासून दोनदा विचारून गेले, अमेरिकेत किती वाजले म्हणून.

रात्रपाळी (बुधवार, सकाळी ७:१५)

मंडळी, आत्ताच घरी आलो. झोपायच्या आधी लिहितो, नाहीतर निसटून जाईल.

दिंडीतला यांचं ऐकून सगळं घरूनच चिरून नेलं होतं. सहाला पोचलो, भिंतीवरच्या फळ्यावर त्या रात्रीच्या कामांखाली एक ओळ वाढवली: लाल बटण, आणि पुढे नाव. आमच्यातला सगळ्यात धाकटा, एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याने स्वतःहून घेतलं. साडेसहाला कांदा पडला. मसुरीला मसाला काढून ठेवला. सात वाजून पाच मिनिटांनी मसाल्याला तेल सुटलं, मी शीतकपाटाकडे वळलो, हात खिम्याच्या पाकिटावर, आणि घंटा. पाकीट परत आत, कपाटाचं दार बंद, मागून 'टक' असा लाल बटणाचा आवाज. तो आवाज ऐकला तेव्हा काय वाटलं सांगू!

वर्दी एका अपार्टमेंटची होती. धुराचा अलार्म. एकट्या राहणाऱ्या आजीबाई, शेगडीवर सूप ठेवून खुर्चीत डोळा लागलेला. भांडं आतून कोळसा झालेलं, घरभर धूर, पण आग पसरली नव्हती. त्यांना बाहेर आणलं, रुग्णवाहिकेतल्या लोकांनी तपासलं, ठीक होत्या. पंख्याने धूर बाहेर काढला. कॅप्टनने ते जळकं भांडं स्वतः बाहेर नेलं. आजीबाई सारख्या म्हणत होत्या की मी कधीच विसरत नाही, आणि कॅप्टन प्रत्येक वेळी म्हणत होते, मला माहीत आहे.

परत यायला सव्वाआठ. गियर बाहेर बंबाशेजारीच उतरवायचा, हात-तोंड धुवायचं, मगच स्वयंपाकघरात. ही सक्ती आहे, कारण धुरातलं काय काय त्या कपड्यांत बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ साली फायरफायटरच्या कामालाच कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या, गटात टाकलंय. मग गॅस पेटवला. मसाला तसाच होता, उलट जास्त मुरलेला. खिमा टाकला, गोळे फोडले, पाणी सुटलं. कढईवाला काका, तो आवाज बदलला तेव्हा मी शेजारच्याला गप्प केलं आणि दोघांनी ऐकला. थर्मामीटरही लावला डॉक्टर, १७१.

नऊ वाजता वाढलं. खिमा, मसूर, पाव, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. बटर नव्हतं. कुणी मागितलं नाही. कॅप्टनने तीन पाव खाल्ले आणि मसूर दोनदा घेतली. मला विचारलं, यात क्रीम किती? मी म्हटलं, शून्य. ते म्हणाले, मग हे दर महिन्याला.

आणि सगळे निम्मे जेवले असताना दुसरी घंटा.

भायखळ्याची_पोर ताई, मी आधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. टेबलाच्या मध्यभागी जास्तीची नऊ ताटं रचून ठेवली होती, एवढंच. घंटा झाली, मी एक उचललं, माझ्या ताटावर पालथं घातलं, शेजारच्याच्या ताटावर दुसरं. बाकीच्यांनी बघितलं आणि एकही शब्द न बोलता आपापलं झाकलं. बटण दाबणारा मुलगा शेवटचा निघाला, त्याने दारातून मागे वळून बघितलं. नंतर गाडीत हेडफोनवर तो मला म्हणाला, ते टेबल बघून कसंतरीच वाटलं, चांगल्या अर्थाने. मग मी सगळ्यांना तुमच्या बाबांबद्दल सांगितलं. भायखळा म्हणायला त्यांना जमलं नाही, पण प्रयत्न सगळ्यांनी केला.

दुसरी वर्दी फुसकी निघाली, पंचवीस मिनिटांत परत आलो. ताटं उघडली, जेवण पूर्ण केलं. आइस्क्रीमही द्यावं लागलं, टेक्सासकर, पहिला स्वयंपाक धरतात म्हणे.

कढईवाला

शाब्बास रे पठ्ठ्या!

नाडीपरीक्षा

१७१ वाचून समाधान झालं. कॅप्टनना माझा नमस्कार सांगा.

बोटीवरचा

त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचं नाव फळ्यावर कायम राहू दे.

भायखळ्याची_पोर

बाबांना आत्ता मोठ्याने वाचून दाखवलं. ७८ वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, म्हणून ताटांचा भाग दोनदा वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजीबाईचं भांडं कॅप्टनने स्वतः उचललं ना? चांगला माणूस आहे." आणि मग विचारलं, लिंबं पुरली का?

रात्रपाळी

पुरली. दोन उरली, ती फ्रीजच्या दारात ठेवून आलोय. पुढच्या मंगळवारच्या स्वयंपाक्याला होतील.